तीन परसांचं पेव

चतुराबाईला मी पाहिलंय. दौलताबादला किल्ल्याच्या पायथ्याशी, वेशीजवळ राहायची, माझ्या मावशीच्या शेजारी. बाई खोटं बोलणारी नव्हती, आणि ही गोष्ट सांगताना तर तिचा आवाज आणखीच खाली यायचा. तिनं सांगितली तशीच सांगते.

निजामाचं राज होतं, लढाईची सालं होती. पौषातली अवस, वार शनिवार. सकाळीच चतुराबाईनं अंबाडीचा नवा दोर हौदात भिजत घातला. तिचा नवरा सांडू पेवं उघडायचा, उपसायचा. पेव म्हंजे जमिनीच्या पोटातली धान्याची कोठी. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, पोट मात्र रांजणासारखं. वर शिळा ठेवून लिंपलं, की ज्वारीला वारा लागत नाही.

त्या दिवशी बोलावणं होतं आप्पासाहेब आणि नानासाहेब या दोघा भावांचं. वाटणी चालली होती. बैल वाटून झाले, भांडी झाली. शेवटी खळ्यावरची दोन पेवं राहिली, दोन्ही रिकामी.

थोरले आप्पासाहेब म्हणाले, "नाना, चिंचेखालचं चालतं पेव तू घे. ते बांधाकडचं पडीक मला राहू दे. हाय तसं. बंद."

धाकट्याचे कान टवकारले. "चालतं सोडायचं अन् पडीक ठिवायचं? दादा, तुम्ही इतके भोळे कधीपासून झाले? ते खोल आसंल म्हणून."

"तसं नाय रे."

"मग कसं?"

आप्पासाहेबांनी बैलांचा विषय काढला. त्यांनी विषय टाळला म्हणूनच नानाचा संशय पक्का झाला. दोन्ही पेवं मोजायची ठरली. पंच म्हणून मोहियोद्दीनचाचा आले. दिवसाउजेडी पेव उघडलं तर लेव्हीचं धान्य वसूल करणाऱ्या सरकारी माणसांच्या डोळ्यांवर येतं, म्हणून काम दिवेलागणीनंतर.

आता, खोली मोजायची ती परसानं. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हंजे एक परस. परस म्हंजे पुरुष, त्या शब्दातच माणूस आहे. म्हणून चतुराबाईला तिच्या सासूनं पहिल्याच साली बजावलं होतं. दोर आत सोडावा, तोंडाशी गाठ मारावी, वर ओढून घ्यावा आणि लांब नेऊन मोजावा. पेवाच्या तोंडाशी उभं राहून परस मोजू नये. आपण किती माणसं म्हणतोय, ते आत ऐकू जाऊ नये.

चिंचेखालचं पेव तीन परस भरलं. लांब, निंबाखाली मोजलं.

बांधाकडची शिळा हलवायला दोघं भाऊ आणि सांडू लागले. आतली हवा चांगली आहे का, म्हणून दिवा सोडून पाहिला. चांगला जळत होता. दगड बांधून दोर सोडला, निंबाखाली नेऊन मोजला. तीनच.

"बराबर है," मोहियोद्दीनचाचा म्हणाले. "झगडा मिटला. चला, थंडी लई हाय."

"दगड कशावर तरी टेकला आसंल," नाना म्हणाला. "माणूस उतरवा."

"माणूस नको," आप्पासाहेब म्हणाले. लगेच म्हणाले.

चतुराबाईच्या ते ध्यानात आलं. ती सांडूला बाजूला घेऊन म्हणाली, "आवं, नका उतरू. थोरले मालक नको म्हणत्यात."

सांडू हसला. कमरेला दोर बांधत म्हणाला, "दोर तुझ्या हातात हाय. तू सोडला तरच मी जाईन. सोडती का?"

"सोडंन व्हय मी?"

सांडू काटक माणूस, अंगावर मांस नाही. चतुराबाई एकटी त्याला वर घ्यायची. तिनं दोर पाठीमागून घेतला आणि तो हळूहळू उतरला. दिवा हातात. थोड्या वेळानं आवाज आला, "टेकलो. तळ साफ हाय, मालक. दगड नाय, मातीचा ढीग नाय."

मापाच्या दोराचं टोक त्यानं तळाशी दाबून धरलं. नानानं वर गाठ मारली आणि दोर ओढून घेतला.

"मालक, निंबाखाली चला," चतुराबाई म्हणाली.

"एवढ्या थंडीत? गप गं."

नाना तिथंच, पेवाच्या तोंडाशी उभा राहिला. हात वर केले. दोर अंगाला लावून सांडूला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं मोजला. "एक परस! दोन परस! तीन परस!"

खालून आवाज आला.

"चार."

नाना वाकला. "काय म्हणला? तीनच भरले."

"मला धरून चार."

तो आवाज सांडूचा नव्हता. चढा नाही, घोगरा नाही. साधाच. झोपेतून उठलेल्या माणसाचा असावा तसा.

मग सांडू बोलला. "मालक… वर कोण बोललं?"



खालचा दिवा गेला.

"वढा!" चतुराबाई ओरडली. "वढा!"

तिनं ओढला. दोर हलेना. मोहियोद्दीनचाचांनी हात घातला, "या अल्लाह" म्हणत. नानानं घातला. आप्पासाहेबांनीही. एक माणूस वर येत होता, आणि चौघांना जड जात होता.

"मानमोडीच्या तापाची साथ आली त्या सालात…" आप्पासाहेब ओढता ओढता म्हणाले. "बाबांनी एक मजूर उतरवला व्हता. खाली त्याला ताप भरला. साथ गावात यील म्हणून…"

"म्हणून काय?"

"वर घेतला नाय. शिळा ठिवली."

नानानं भावाकडं पाहिलं नाही. ओढत राहिला.

हातभर. आणखी हातभर. चतुराबाईच्या तळहातांतून रक्त निघालं. तिनं दोर सोडला नाही.

अंधारात सांडूचं डोकं दिसलं. डोळे गच्च मिटलेले.

आणि दोर एकदम हलका झाला.

चौघंही पाठीवर पडली. तिला वाटलं, गेला. पण सांडू काठावर पालथा होता. श्वास चालत होता. पेवाच्या तोंडावरून काहीतरी गार तिच्या अंगाजवळून गेलं. वारा नव्हता. निंबाचं पान हललं नव्हतं.

शिळा कशीबशी सरकवली. कुणाचं पेव खोल, हे त्या रात्री कुणी विचारलं नाही, पुढंही नाही.

वाटेत सांडू एकदाच बोलला. "लई जड झालतो का गं?"

"व्हय. खालून कुणी पाय धरले व्हते?"

"नाय… पाय मोकळेच व्हते."

घरी आल्यावर चतुराबाईनं चूल पेटवली, त्याला जाळापुढं बसवलं आणि अंगातली बंडी काढली. काढली, आणि हातात तशीच धरून बसली.

बंडीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या मातीचे पाय उमटले होते. अनवाणी पाय. टाचा फिक्या होत्या. चवडे गडद, जोर देऊन वर चढताना उमटतात तसे.