पाचव्या पृष्ठापर्यंत

‘सूचना : पान उलटताना बोटास थुंकी लावू नये. – ग्रंथपाल.’

‘अण्णा, जेथे असाल तेथून निघून या. कोणी काही विचारणार नाही. नीला शाळेत जाऊ लागली आहे. – शिवगंगा होटगे, बार्शी.’

थुंकी लावलेलं बोट एकदा कागदाला टेकलं, की गालाच्या आतल्या शेकडो पेशी तिथे उतरतात.

जानेवारी २०३९. एका नवऱ्याने कोर्टात सांगितलं, ते पत्र मी वाचलंच नव्हतं. न्यायाधीशांनी पत्राच्या दुसऱ्या पानावरच्या थुंकीचा अहवाल त्याच्यापुढे सरकवला. नवरा खाली बसला.

शिवगंगाबाईंनी शेवटचं कुंकू लावलं ते २००१ मध्ये, एका मंगळवारी.

त्यांची मुलगी नीलाक्का आता एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि प्रयोगशाळेतल्या खुर्चीवर बसायला तयार नव्हती. खिडकीपाशी, कपाटापाशी, पुन्हा दाराशी.

“आजी, बसा की,” डॉ. मेहरुन तांबोळी म्हणाल्या.

“बसून लवकर कळणार असलं तर बसते.”

नीलाक्कांचे वडील मल्लिकार्जुन होटगे, घरात सगळ्यांचे अण्णा, बार्शीत घड्याळं दुरुस्त करायचे. ९ मार्च १९६३ ला ‘सोलापूरहून स्प्रिंग घेऊन येतो’ म्हणून ते गेले. परतले नाहीत. पुढच्या वर्षीपासून दर ९ मार्चला आईने एका मोठ्या दैनिकात जाहिरात दिली. तारीख तीच, जागा तीच: पाचवं पृष्ठ, खालचा कोपरा.

ती जाहिरात त्यांनी कधी पाहिली का, एवढंच नीलाक्कांना हवं होतं. बाकी सगळं शोधून झालं होतं. धर्मशाळांच्या वह्या, मतदारयाद्या, मृत्यूच्या नोंदी. कुठेही नाव नव्हतं.

नाव बदलता येतं. थुंकी बदलता येत नाही.

या एका गोष्टीवर मेहरुन यांचं शास्त्र उभं होतं. बोट ओलं करून पान उलटलं, की कागदाचे तंतू त्या ओलाव्याने फुगतात आणि वाळताना पेशींना मिठी मारून बसतात. त्या खुणेला त्यांनी ‘ओलखूण’ असं नाव दिलं होतं. तीत वाचणाऱ्याची जनुकं सापडतात. तेच बोट पुन्हा लागलं तर वर दुसरा थर बसतो, आणि यंत्राला थर मोजता येतात. बंद पडलेल्या वाचनालयांतले वर्तमानपत्रांचे बांधीव अंक आता इथे कपाटांत होते. नीलाक्कांचं रक्त देऊन यंत्राला त्यांत त्यांचा बाप शोधायला सांगितलं होतं.

“म्हणजे तू लोकांच्या थुंक्या गोळा करतेस?”

“पोटासाठी करावं लागतं, आजी.”

“माझ्या आईनं तुला आधी आंघोळीला पाठवलं असतं. बरं, सांग. सापडले?”

“सापडले. अकोल्याकडच्या एका वाचनालयात. जाहिरातीच्या अकराच्या अकरा अंकांवर.”

नीलाक्का दाराशी थांबल्या. “वाचलं त्यांनी?”

“आठ पृष्ठांचा अंक, म्हणजे उलटायची चार पानं. पहिल्या पानावर ओलखूण आहे, दुसऱ्यावर आहे. मग पाचवं पृष्ठ समोर येतं. तिथून पुढे कोरडं. दरवर्षी असंच.”

“जाहिरात वाचली आणि उठून गेले.”

मेहरुन यांनी अहवाल टेबलावर ठेवला.

“आई म्हणायची, त्यांनी वाचलं असतं तर आले असते. ह्या एका वाक्यावर अडतीस वर्षं काढली गं बाईनं!” नीलाक्कांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. “अकरा वेळा वाचलं आणि अकरा वेळा उठून गेला. घड्याळजी! वेळ बरोबर पाळली मेल्यानं.”

“पाणी देऊ?”

“नको. ऐक. पंच्याहत्तर साली मजकूर मी लिहिला होता. सतरा वर्षांची होते. पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि पाकीट फाडलं. आईला सांगितलं, टाकलं. नऊ तारखेला सांगितलं, छापून आली. तिला वाचता कुठं येत होतं? मग दरवर्षी तेच.” त्यांनी घसा खाकरला. “चौसष्ट वर्षं ते पाकीट इथं अडकलंय. वाटायचं, त्याच वर्षी त्यांनी पाहिली असती तर? त्याच वर्षी निघाले असते तर?”

“आजी...”

“आता नाही वाटत. अकरा वेळा जो हलला नाही तो बाराव्यांदा काय हलणार होता? सुटले बघ मी.”

आणि त्या बसल्या. पाठ टेकून बसल्या. चहा आहे का, असंही विचारलं.

अहवालाची बारा पानं टेबलावर होती. अकरा पानं जाहिरातींची. बारावं यंत्राने स्वतःहून जोडलेलं. माणूस रोजचा वाचक होता की फक्त त्या तारखेचा, हे पाहायला यंत्र आजूबाजूच्या दिवसांचे आणि पुढच्या वर्षांचे अंकही तपासतं. आजूबाजूचे दिवस कोरडे होते. १९७६ पासून पुढे सगळंच कोरडं होतं. मधलं एक वर्ष राहत होतं.

नीलाक्कांनी अहवाल ओढला. अंगठा जिभेला लावला, पान उलटलं. पुन्हा लावला, पुन्हा उलटलं. मेहरुन त्या अंगठ्याकडे पाहत राहिल्या. अकरावं पान येण्याआधी त्यांनी खालचा कागद हळूच ओढून घेतला.

“ते काय?”

“यंत्राचा तपशील. तुमच्या कामाचा नाही.”

“तसं असलं तर ठेव तुझ्याकडं.”

चहा आला. नीलाक्कांनी तो बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश प्यायला. मेहरुन यांचा कप तसाच राहिला. कोण काय वाचून गप्प बसलं ते कागद सांगतो, हे त्या दर आठवड्याला कुणा ना कुणाला समजावत असत. तो कागद आज त्यांच्या मांडीवर पालथा होता.

९ मार्च १९७५ च्या अंकात होटग्यांची जाहिरात नव्हती. त्या अंकाच्या चारही पानांवर मल्लिकार्जुन होटगे यांच्या ओलखुणा आहेत. प्रत्येकीत दोन थर आहेत.