आधी चालवून बघ

"भंगारात टाका, ताई. यात काही दम नाही," तुळिंजचा दुकानदार म्हणाला आणि मला घामच फुटला.

स्कूटरवर पायांशी तो डबा कसाबसा धरून मी गिरीजहून आले होते. माझ्या बाबांचा कॉम्प्युटर होता तो. बाबा आमच्या चर्चच्या गायनमंडळाचे मास्तर. स्वतः रचलेली सगळी गाणी त्यांनी त्यातच टाइप करून ठेवली होती. येत्या रविवारी त्यांना जाऊन वर्ष होतंय म्हणून चर्चमध्ये मिस्सा, त्यांच्या नावाची प्रार्थना, आणि मंडळाने त्यांचीच गाणी म्हणायचं ठरवलेलं. छापलेली पत्रकं वाळवीने खाल्ली. राहिला हा डबा. तोही सुरू झाला की थोड्या वेळात मान टाकायचा.

"अहो, फेकू नका हां!"

शेजारी माउस घ्यायला आलेला एक मुलगा बोलला. केस पावसाने कपाळाला चिकटलेले.

"मशीन ठीक आहे. वरची सिस्टिम जड झालीय तिला. लिनक्स नावाची दुसरी टाकू या. हलकी असते, फुकट मिळते."

"फुकट? मग त्यात काहीतरी गडबड असणार."

"गडबड असली तर माझ्यात असेल," तो हसला. "मी डेरिक. पापडीचा."

पापडीचा म्हटल्यावर माझ्या आईचं काम सोपं झालं. संध्याकाळी तो घरी आला, तर चहा गाळता गाळता तिने त्याचं घर, वाडी, मावशी, आत्या... सगळं काढून घेतलं. मला मेलीला तेवढ्यात तीनदा वाटलं, याने गाणी उडवली तर?

"आधी गाणी पेनड्राइव्हवर घेतो," डेरिक म्हणाला. मग त्याने दुसरा पेनड्राइव्ह लावला. "आणि आता ही सिस्टिम नुसती चालवून बघू. मशीनमधलं काही पुसत नाही. आवडली तर ठेवायची."

"आणि नाही आवडली तर?"

"पेनड्राइव्ह काढायचा. मशीनला कळणारही नाही, कोण येऊन गेलं."

असं बोलताना माझ्याकडे कशाला बघायचं — मला सांगा!

लिनक्सच्या तीन तऱ्हा आणल्या होत्या त्याने. पहिली दिसायला झकास, पण पंखा असा ओरडायला लागला की कुत्रा अंगणात पळाला. दुसरी हलकी, पण इतकी रुक्ष की आई म्हणाली, "हे काय गे बाय, सुतक असल्यासारखं?" तिसरी मात्र पटकन उघडली. पंखा गप्प. खाली मेनू, कोपऱ्यात घड्याळ, सगळं ओळखीचं.

"घाई नको, रोझलीन. सगळं उघडून बघ. मग सांग."

तो खुर्चीमागून वाकला होता. मानेवर त्याचा श्वास लागत होता हो... मी काय उघडणार, कपाळ?

"छान आहे. टाक."

"नक्की?"

"टाक म्हटलं ना!"

त्याने जुनी सिस्टिम पुसून नवी टाकली. गाणी परत मशीनवर घेतली. मी पहिलं गाणं उघडलं... आणि नाक पडद्याला लावलं.

पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, आकडे, स्वल्पविराम. कशाचा कशाला मेळ नाही. दुसरं गाणं उघडलं, तेच. तिसरं, तेच.

"गेली," मी म्हणाले. "बाबांची गाणी गेली."

डेरिकचे कान लालभडक झाले. "फाइल्स आहेत, गेल्या नाहीत. पण त्यांचा मराठी फॉन्ट जुना आहे... इंग्रजी कळांवर मराठी अक्षरं बसवलेला. तो जुन्या सिस्टिममध्येच होता. मी उघडून बघायला हवं होतं."

"तू तर बघ म्हणालास. मीच नाही बघितलं."

"का नाही बघितलंस?"

आता याला काय सांगू! ड्रेसला पदर कुठला, मी बाहीनेच डोळे पुसले आणि रडतच आईला हाक मारली.

आई शांतपणे म्हणाली, "रडतेस काय? ते अक्षर बाबांनी पापडीच्या आत्मारामच्या छापखान्यातून आणलं होतं. लग्नपत्रिका छापतो तो."

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी आम्ही स्कूटरवरून पापडीला गेलो. वाटभर माझ्या मनात एकच — छापखान्यातही नसलं तर रविवारी मंडळापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?

आत्मारामकाकांनी आधी चष्मा शोधला, मग जुना कॉम्प्युटर सुरू केला. "अगं, याच अक्षरात अर्ध्या वसईची लग्नं लावलीत मी." फॉन्ट पेनड्राइव्हवर घेऊन डेरिककडे देताना त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "तुमचीही पत्रिका यातच छापू ना?"

"काका!" आम्ही एकदमच ओरडलो.

घरी येऊन डेरिकने फॉन्ट टाकला. मी डोळे मिटून घेतले.

"उघड," तो हळूच म्हणाला.

डोळे उघडले, तर बाबांच्या ओळी सरळ उभ्या होत्या. काना, मात्रा, सगळं जागच्या जागी. मी एकेक करून सगळी गाणी उघडली. एकही सोडलं नाही. डेरिकने तोवर प्रिंटर जोडून दिला.

रविवारी मंडळाने गाणी म्हटली. आई रडली, मी रडले. मागच्या बाकावर डेरिक हातात पत्रक धरून इतकं बेसूर गात होता की पुढच्या म्हाताऱ्या वळून बघत होत्या.

मिस्सा संपली. चर्चबाहेर छत्र्या उघडायला लागल्या. मशीन तर झकास चालत होतं. आता हा कशाला येणार?

"काम झालं तुझं," मी म्हणाले.

"हो." तो छत्रीची मूठ फिरवत राहिला. "रोझलीन... एक विचारू? हे तीन दिवस तुमच्या घरात चाललो ना मी... पेनड्राइव्हवरून. कसा वाटलो?"

छान आहेस, राहा — अगदी ओठावर आलं होतं. पण घाईने हो म्हटल्याचं फळ मी नुकतंच भोगलं होतं.

"आवडलास," मी म्हणाले. "पण या वेळी मी सगळं उघडून बघणार आहे."

"बघ ना. किती वेळ लागेल?"

"खूप लागेल. रोज संध्याकाळी यावं लागेल."

डेरिक हसला, आणि माझ्या डोक्यावर त्याने आपली छत्री धरली.