जित्या सुनेचं पान

भंडाऱ्याच्या बाजारात मी चपला घ्यायला थांबले होते. लहान पोरीच्या, लाल पट्ट्याच्या. दुकानदार म्हणाला, "कोणत्या मापाच्या देऊ, बाई?" पोटच्या पोरीचा पाय केवढा झाला, हे मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, पाच वर्षांची आहे, तुम्हीच द्या अंदाजानं. तो हसला. त्या हसण्याचा मला असा राग आला म्हणून सांगू, सुशीला!

तू येत्या महिन्यात नवऱ्याच्या व्हिसावर विलायतेला निघालीस, म्हणून तुला सांगते. नाहीतर ही गोष्ट मी कोणाजवळ काढत नाही. हसायचं असेल तर खुशाल हस. तशीही बत्ती गेलेली आहे, बसून काय करशील? ऐक.

ब्याऐंशी सालचा डिसेंबर होता. आमचे हे, तेजराम, विलायतेत डॉक्टर. शिकाऊ जागा, दर सहा महिन्यांनी नवं हॉस्पिटल, नवं गाव. त्याआधी तीन वर्षं मी मागून गेले, बायको म्हणून. सुलू तेव्हा दोन वर्षांची. बस्तान बसलं की बोलावू, म्हणून तिला कारध्याला सासूबाईंजवळ ठेवली. बस्तान कशाचं बसते! ह्यांच्या क्वार्टरात मी दिवसभर खिडकीशी बसायची. बी.एस्सी. झालेली बाई मी, पण त्या गावात मला काम नाही. शेवटी लेस्टरला स्वेटरच्या कारखान्यात मिळालं, ते पकडलं. आठवडाभर लेस्टरला, चार बायांच्या खोलीत; शुक्रवारी संध्याकाळी आगगाडीनं ह्यांच्या गावी. तिथे ह्यांचं तोंड फुगलेलं. "नोकरी सोड, इथं राहा." सोडते बाप्पा, आणि सहा महिन्यांनी तुमची बदली झाली की पुन्हा गाठोडं उचलते, नाही का?

व्हिसा ऑफिसातला गोरा साहेब दर खेपेला विचारी, "नवऱ्यासोबत राहायला आलात, मग दुसऱ्या शहरात का राहता?" आपल्याकडचं कोणी भेटलं की त्यांचं वेगळंच. "पोरीले टाकून कशी राहतेस व?" जिथे जावं तिथे मी चुकीच्याच गावात! धोब्याचा कुत्रा, ना घर का ना घाट का. ऐकून ऐकून माझं डोकं फिरायची पाळी आली होती.

पण त्या डिसेंबरात मी खुशीत होते. माझ्या भावानं धावपळ करून सुलूचा पासपोर्ट केला होता, व्हिसा पडला होता, पुढल्या आठवड्यात मुंबईहून विमान. लेस्टरला मी स्वतंत्र खोली घेतली होती, मागच्याच गल्लीत शाळा. माझी पोर माझ्याजवळ येणार, बस. बाकी दुनिया गेली चुलीत.

रिक्षानं वैनगंगेचा पूल ओलांडला. दुपार कलली होती. कारध्याच्या तोंडाशी गुणाबाई ढिवरीण मासोळीची टोपली घेऊन बसली होती. लग्न होऊन आले तेव्हापासून ती मला ओळखते. मला पाहून म्हणाली, "काय व निर्मला, बाजाराले गेलतीस का?"

"अवो गुणाबाई, मी विलायतेहून येऊन राहिले!"

"हो का?" ती माझ्या स्वेटरकडे, बुटांकडे बघत राहिली. "मंग सकाळी घाटावर धुणं कोण धूत होतं?"

म्हातारीची नजर गेली, असं मी मनात म्हटलं आणि रिक्षावाल्याला पुढे घे म्हणाले.

सासूबाई छपरीत सुपात तांदूळ पाखडत होत्या. रुखमाबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणते. मी उंबऱ्याबाहेर थांबले. एवढ्या लांबून सून आली, तर भाकरीचा तुकडा नि पाणी ओवाळून टाकतील, मग आत घेतील, रीतच आहे ती. त्यांनी मान वर केली नाही.

"आलीस? पाय धू. चूल पेटव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "तीन वर्षांनी आले आत्याबाई! तुकडा ओवाळायची बी दानत नाही?"

"आता रोज रोज कोणाले ओवाळून टाकू व..." म्हणत त्यांनी वर पाहिलं. माझी बॅग पाहिली. सूप थांबलं. थोडे तांदूळ खाली सांडले.

"माय व..." त्या हळूच म्हणाल्या. "तू तिकडची होय?"

"तिकडची म्हणजे?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत गेल्या. मागच्या सांदवाडीचं, म्हणजे परसाचं, दार लावल्याचा, कडी घातल्याचा आवाज आला. मी आपली उंबरा ओलांडून आत गेले. माझंच घर ना ते?

सुलू भाताच्या तणसाच्या चटईवर बाहुली घेऊन बसली होती. दोन वेण्या, घट्ट, वरून पेड घालून चार पदरी गुंफलेल्या. तशी वेणी आमच्या माहेरी घालतात. आत्याबाईंना येत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी हात पसरले. "सुलू, ओळखलं का? मी आई."

तिनं मला नीट पाहिलं. घाबरली नाही, की रडली नाही. "आई त सांदवाडीत हाय," म्हणाली. "गवऱ्या आणाले गेली."

मी आत्याबाईंकडे वळले. संध्याकाळ होत आली होती. चुलीवर नव्या तांदळाचा भात शिजत होता, त्याचा वास घरभर. "आत्याबाई, हे काय शिकवलं पोरीला? कोणाला आई म्हणून राहिली ती?"

त्यांनी कंदील पेटवला. मग चुलीशी बसून, माझ्याकडे न बघता बोलल्या.

"तू गेलीस, तं पोरगी जेवे नाही. आई पाहिजे, आई पाहिजे. आता मी कुठून आणू? मंग मी एक पान तुयं वाढो तिच्या बाजूले. दिवेलागणीले दारात उभी राहून नदीकडं तोंड करून हाक मारो, 'निर्मला, जेवाले ये व...' तवा पोरगी घास घे."

"जित्या माणसाचं पान वाढता? हाक मारून?" मी ओरडलेच. "पित्तराला वाढतात तसं! एवढं बी कळत नाही तुम्हाला?"

"कळते मले!" त्याही चिडल्या. "सारं कळते. पण पोरगी सुकून राहिलती तवा तू कोठी होतीस? तेजराम कोठी होता?" मग आवाज खाली आला. "पयले पान तसंच राहे. कुत्र्याले टाको. मंग पोळ्यानंतर एक दिवस पान रिकामं दिसलं. मले वाटलं मांजर. दुसऱ्या दिवशी बी रिकामं. मंग एका संध्याकाळी मांगून आवाज आला... 'आत्याबाई, भात वाढा.' तुयाच आवाज. मी वाढला."

"आणि तुम्ही तिला घरात ठेवलं?"

"काम करते, पोरीले पाहते. धुणं धुते, पाणी भरते." आत्याबाईंनी भाताचं भांडं खाली उतरवलं. "खरं सांगू का? तुयापेक्षा बरी हाय व. उलटून बोलत नाही."

मी सुलूचा एक फ्रॉक बॅगेत कोंबला. इथे आता राहायचंच नाही, पोरीला उचलायची आणि भावाकडे भंडाऱ्याला जायचं. रिक्षावाल्याला मी चहा प्यायला थांबवलं होतं, तो अजून पिंपळाखाली होता.

तेवढ्यात आत्याबाईंनी दोन पानं मांडली. एक लहान, एक मोठं. भात वाढला, वरण वाढलं.

"आज ते पान वाढायचं नाही," मी म्हटलं. "हाक मारायची नाही."

"आता हाक मारा नाही लागत, पोरी... तीच येते आपल्या येळेवर."

मग मी हट्टानं त्या मोठ्या पानावर जाऊन बसले. माझ्या नावाचं पान ना? मग मीच जेवणार. भात कालवला, घास तोंडात घातला. गिळेना. भात गरम होता, वाफा निघत होत्या, आणि तोंडात मात्र गार, नदीतल्या वाळूसारखा. मी तो पदरात काढून टाकला.

सांदवाडीच्या दाराची कडी आतून घातलेली होती. मी स्वतः पाहिली होती. ती आपोआप सरकली नाही की वाजली नाही. दार उघडंच होतं, एवढंच. आधीपासून उघडं असावं तसं. बाहेर अंधार उतरत होता, तणसाचा ढीग तेवढा पिवळट दिसत होता.

आणि मला वास आला. नदीचा नाही, चिखलाचा नाही. लोकरीचा आणि मशीनच्या तेलाचा. माझ्या कारखान्याचा वास, सुशीला. केस दोनदा धुतले तरी न जाणारा. तो वास लेस्टरचा, तो कारध्याच्या सांदवाडीत येतोच कसा?

बांगड्या वाजल्या. दाराच्या बाहेर, उजेडाच्या एक पाऊल पलीकडे, कोणीतरी थांबलं.

"आत्याबाई... कोण आलं आहे?"

आपला स्वतःचा आवाज बाहेरून ऐकलास कधी? मी ऐकला. थकलेला होता, शुक्रवारच्या गाडीतून उतरल्यावर माझा असतो तसा.

आणि आत्याबाई म्हणाल्या, "कोणी नाही व... पाव्हणी हाय. जाईल आता."

सुलू पानावरून उठली. "आई!" करत दाराकडे धावली. मी झडप घालून तिचा डावा हात धरला. तेव्हाच अंधारातून एक हात आला, त्यानं तिचा उजवा हात धरला. कंदिलाचा उजेड त्या हातावर पडला. माझ्या उजव्या हाताच्या एका बोटाचं नख मागल्याच महिन्यात मशीनच्या सुईनं उभं फाटलं होतं. घरी कोणालाच मी ते सांगितलं नव्हतं. त्या हाताचंही फाटलेलं होतं.

"सोड," मी म्हटलं. "सोड माझ्या पोरीला..."

"तू जा ना," ती हळूच म्हणाली. रागानं नाही. समजूत घालावी तसं. "तुला कामावर उशीर होईल... तिकडे पण कोणी पाहिजे. इथं मी आहे ना..."

घाबरायचं सोडून माझं पित्त खवळलं बघ. ह्यांनी सांगावं कुठे राहायचं, साहेबानं सांगावं, गावानं सांगावं, आणि आता हिनंही? "मी कुठं राहायचं ते मी ठरवीन!" मी ओरडले. "पोर माझी आहे, मी नेणार!" आणि जीव खाऊन ओढली. तिनंही ओढली. तिच्यातही तेवढाच जोर होता, तेवढाच राग. सुलू मधोमध किंचाळत होती. "आई! आई!" कोणाला म्हणत होती, देव जाणे.

एकदम ओढ सुटली. मी मागे आपटले, आणि सुलू माझ्या छातीवर. गरम, धापा टाकणारी, माझी सुलू. मी जिंकले, असं वाटलं मला. तिला घट्ट धरून मी वर पाहिलं.

समोर, दारात, तीही मागे आपटली होती. आणि तिच्या छातीवर सुलू होती.

दोघी पोरींच्या दोन-दोन वेण्या, दोघींच्या हातावर ओढल्याचे लाल वळ. दोघी रडत होत्या, एकाच सुरात.

आत्याबाईंनी कंदील उचलला. एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "झालं आता. भांडू नका. दोघींले भेटली ना..."

मी पोरीला घेऊन पळाले. बॅग तिथेच राहिली. रिक्षावाल्याला एवढंच म्हटलं, "भंडारा. चल लवकर." पुलावर वारा लागला तशी सुलू माझ्या मांडीवर झोपली. मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहत राहिले.

मी त्या विमानात बसले नाही. पाच वर्षं झाली. आता इथे भंडाऱ्यात शाळेत शिकवते, सुलू माझ्याजवळ आहे. नीट शिकते, भांडते, हसते. हिचे पाय सरळ आहेत, हिची सावली पडते, मी सगळं पाहून घेतलं. आणि सणावाराला कारध्याला जाते, तेव्हा तिथल्या सुलूचंही पाहते. तिचेही सरळ आहेत. हिचा पुढचा दात पडला, त्याच आठवड्यात तिचा पडला. हिच्या कपाळाला खोक पडली, तर तिच्याही कपाळाला, त्याच जागी. तीही मला पाहून उंबऱ्यातून धावत येते, गळ्यात पडते. अंगाला वास पोरीचाच येतो, बाई. माझ्याच पोरीचा. दुसरी बाई तेवढी मागे सांदवाडीत थांबून राहते, मी जाईपर्यंत आत येत नाही.

हे तिकडून विचारतात, "पोरीला घेऊन येत का नाहीस? पुन्हा वेगळ्याच गावात बसलीस!" काय सांगू त्यांना? ओरडावंसं वाटते, पण ओरडून काय सांगू?

व्हिसा एकाच पोरीचा पडला होता, सुशीला. आता तूच सांग, माझ्या जागी तू असतीस, तर कोणती नेली असतीस?