मद्यघ्न

चांद्रतळावरच्या दवाखान्यात जनार्दन भोईर डोळे चोळत बसले होते. आदल्या दिवशी यंत्रं थंड ठेवणारी शीतकनळी झिरपून तिच्यातलं विषारी मेथेनॉल त्यांच्या कक्षाच्या पाण्यात मिसळलं होतं, आणि कळायच्या आत ते बाटलीभर पाणी पिऊन बसले होते.

"सगळं धुक्यासारखं पांढरं दिसतंय, बाई."

डॉक्टर मृदुला तारकुंडेंनी काही लपवलं नाही. "तुमचं यकृत मेथेनॉलचं आम्ल बनवतं आणि ते आम्ल डोळ्यांची नस जाळतं. यकृताला साधं अल्कोहोल पुरवलं, की ते आधी त्याच्याच मागे लागतं. मेथेनॉल तसंच, आम्ल न बनता, हळूहळू बाहेर पडतं."

सहकारी डॉक्टर रेहाना मुजावर पेला भरून आली. भोईरांनी हाताने तो दूर सारला.

"नऊ वर्षं दारूला शिवलो नाही. आंधळा झालो तरी नाही."

"ठेव तो पेला, रेहाना," मृदुला म्हणाली. "प्यायले तरी उपयोग नाही."

नऊ वर्षांपूर्वी तिनेच भोईरांच्या आतड्यात मद्यघ्न बनवणारे जिवाणू रुजवले होते. मद्यघ्न म्हणजे दारू रक्तात पोचण्याआधीच तिचे तुकडे करणारं एन्झाइम. दारू चढेनाशी झाली आणि भोईर व्यसनातून सुटले. या उपचाराचा मृदुलाचा पहिला रुग्ण. त्यांचं नाव ती परिषदांमधून अभिमानाने सांगायची. आज तेच एन्झाइम उताऱ्याची वाट अडवून बसलं होतं.

"दुसरा उतारा पृथ्वीवरून यायला चार दिवस लागतील, मॅडम," रेहाना म्हणाली.

मृदुलाने सलाइनची नळी उचलली. "मद्यघ्न आतड्यात असतं, रक्तात नाही. शिरेतून देऊ." ती भोईरांकडे वळली. "ओठाला थेंब लागणार नाही. पण चढेल."

भोईरांनी बराच वेळ विचार केला. "मी शब्द दिला होता तो न पिण्याचा," ते म्हणाले आणि त्यांनी बाही वर केली.

पुढचे दोन दिवस मृदुला तासातासाला रक्त तपासत राहिली. तिसऱ्या सकाळी भोईर जड जिभेने कोळीगीत गुणगुणू लागले, तेव्हा ती त्यांना धरून खिडकीशी घेऊन गेली.

"काय दिसतंय?"

"पृथ्वी. ढगसुद्धा दिसतायत की."

"किती पृथ्व्या?"

भोईरांनी डोळे बारीक करून मोजल्या. "दोन. दोन्ही निळ्या."

कुणाला दारू चढू नये म्हणून जिने आयुष्य वेचलं, ती झिंगलेल्या माणसाला सावरत ताठ मानेने उभी होती.

"लिही, रेहाना," ती म्हणाली. "दृष्टी शाबूत."