पोहऱ्याच्या गोष्टीचा शेवट

ज्याला पटेल त्याने मानावं. मी यात पदरचं काही घातलेलं नाही.

ही गोष्ट रात्री सुरू झाली नाही. भर दुपारी झाली.

डिसेंबर १९९४. दोंडाईचा. लाल मिरचीची पथारी.

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं उघडं मैदान. नजर जाईल तिथवर लाल. बाया रांगेत बसून देठ खुडतात. तिखट नाकात जाऊ नये म्हणून प्रत्येकीने तोंडाला फडकं बांधलेलं असतं. दिसतात ते फक्त डोळे.

माझी चुलत बहीण लताबाई तिथे कामाला होती. नवरा गेलेला, एकुलता एक मुलगा सुरतेला. त्याने घेऊन दिलेला काळा-पांढरा टीव्ही हीच घरात काय ती सोबत. गल्लीतला तो पहिला टीव्ही.

त्याआधी, १९८८ च्या सुमारास, टीव्हीवर आठवड्यातून एकदा भुताची मालिका लागायची. दर वेळी नवी गोष्ट, नवी माणसं. लताबाई दाराला कडी लावून, गोधडी डोक्यावरून घेऊन एकटीच बघायची.

आणि दुसऱ्या दिवशी पथारीवर सगळी गोष्ट सांगायची.

बाया तिची वाट बघत.

"अक्का, कालदिन भूत बाई होती का मानूस?" मंजुळाबाई विचारायची.

"बाई. पांढऱ्या साडीतली."

"मंग खरंच शे! मनी सासूबी धवळंच लुगडं नेसस."

सगळी रांग फडक्याआड हसायची.

फोटोवाल्याचा भाग लताबाईचा फार लाडका. तो कोणाचाही फोटो काढो, त्या माणसाच्या खांद्यावर एक जास्तीचा हात उमटायचा. दुसरा शिंप्याचा. मेलेलं गिऱ्हाईक रोज कपडे घेऊन यायचं आणि म्हणायचं, थोडं सैल कर. लताबाई आवाज काढून, थांबून थांबून सांगायची. हात देठ खुडत राहायचे, पण सगळ्यांचे कान तिच्याकडे.

सर्वांत जास्त रमायची ती सुगराबी.

ती रांगेच्या टोकाला, लताबाईच्या शेजारी बसायची. लताबाई जरा थांबली की तिचा एकच शब्द यायचा.

"फिर?"

१९८८ च्या हिवाळ्यात लताबाईने पोहऱ्याची गोष्ट सांगायला घेतली.

एक नवी नवरी. गावाबाहेरचा बंगला. मागे विहीर. पहिल्या दिवशी तिने पोहरा वर ओढला, तर पाण्यात एक फणी. तिचीच. लहानपणी माहेरी हरवलेली. दुसऱ्या दिवशी तिचं पैंजण. तिसऱ्या दिवशी तिच्या मेलेल्या आईचा चष्मा.

चौथ्या दिवशी पोहरा जड लागला. फार जड. ती ओढतेय... ओढतेय... काठावर आधी बोटं दिसली...

तेवढ्यात मुकादमाने जेवायची हाळी दिली.

सुगराबीला सकाळपासून कणकण होती. ती उठली, ओढणी सारखी केली.

"घर जाती मैं, अक्का. बाकी कल सुनाना. मेरे बगैर मत सुनाना हां."

"नाही सांगत. जा तू, नीज."

दुपारी बायांनी खूप गळ घातली. लताबाई ऐकेना. म्हणाली, "सुगराला शब्द दिलाय."

त्याच रात्री सुगराबी गेली.

त्यानंतर ती गोष्ट कोणी विचारली नाही. लताबाईनेही सांगितली नाही.

पुढे घरोघरी रंगीत टीव्ही आले. केबल आली. लताबाईने तोंड उघडलं की कोणीतरी म्हणायचं, "ते आम्हीन दखं, अक्का." मग बाया आपापल्या गप्पांत. लताबाई हळूहळू गप्प झाली. दिवसभरात तिच्याशी बोलायचा तो मुकादम. तेही, "हात चालवा."

मुलाचं पत्र दिवाळीला यायचं. एखाद्या दिवाळीला तेही नाही.

आणि मग तो डिसेंबर.

लताबाई टोकाला बसली होती. शेजारी कधी कोणी येऊन बसलं, तिला कळलं नाही. तोंडाला फडकं, मान खाली. असेल कोणी नवी, तिला वाटलं. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून बोलणं काढलं. फोटोवाल्याची गोष्ट सांगितली.

बाई ऐकत होती.

गड्यांनी शेजारचा ढीग उलथला. तिखट उसळलं. सगळी रांग खोकून खोकून वाकली...

ती बाई खोकली नाही.

दुसऱ्या दिवशी लताबाईने शिंप्याची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली. लताबाई थांबली.

शेजारून आवाज आला.

"फिर?"

"फिर काय बाई, संपली."

"वो नहीं."

"मग कोणती?"

बाईने आणखी एक देठ खुडला. मग अगदी हळू...

"पोहरेवाली."

लताबाईचा हात मिरचीतच राहिला.

समोरून मंजुळाबाईने हाक मारली. "अक्का, कवयपासून कोनसंगे बोली ऱ्हायनी? तठे कोनीच नही शे."

लताबाईने शेजारी बघितलं. जागा रिकामी होती.

देठांचा मात्र छोटा ढीग पडला होता. ताज्या खुडलेल्या देठांचा.

दुसरी कोणी असती तर काम सोडून पळाली असती. लताबाई दुसऱ्या दिवशी तिथेच बसली. मला तिने हे सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

ती म्हणाली, "वाटली ना भाऊ. पण सहा वर्षांत मला 'फिर' म्हणणारं कोणी नव्हतं."

तिला एक गोष्ट उमगली होती. सुगराबी शेवटासाठी आली आहे. शेवट ऐकला की ती जाणार.

म्हणून लताबाईने शेवट सांगितलाच नाही.

ती गोष्ट पहिल्यापासून सांगून, जड पोहरा पुढे ढकलत लांबवू लागली. चौथ्या दिवशी पोहऱ्यात बांगडी आली म्हणाली. पाचव्या दिवशी किल्ली. सहाव्या दिवशी बाळाची टोपी. मुळात यातलं काहीच नव्हतं. सुगराबी ऐकायची. रोज सुट्टीच्या वेळी लताबाई म्हणायची, "बाकी उद्या."

मार्चमध्ये पथारी उठली. काम संपलं.

त्या रात्री लताबाई घरी टीव्ही लावून बसली होती. लाइट गेली. खोलीत अंधार.

पाठीमागून...

"फिर?"

लताबाई सांगते, तेव्हा तिला आनंदच झाला. तिने जवळ आणखी एक गोधडी अंथरली. उन्हाळाभर दोघी बसायच्या. एक सांगायची, एक ऐकायची.

पावसाळा लागला आणि खोकला सुरू झाला.

लताबाईचा नाही. गोधडीवरचा.

पथारीवर जी कधी खोकली नाही, ती आता रात्र-रात्र खोकायची. कोरडा, घसा सोलून काढणारा खोकला. मध्येच श्वास कोंडल्यासारखा थांबायचा... मग पुन्हा. लताबाई पाण्याचा तांब्या ठेवायची. सकाळी पाणी तेवढंच असायचं.

एका पहाटे तिला ते सहन झालं नाही. ती उठून बसली. म्हणाली, "सुगरा, चुकलं माझं. मी माझ्या सोबतीसाठी तुला अडकवून ठेवलं. आज सगळं सांगते. ऐक, आणि जा बाई तू सुखाने."

खोकला थांबला.

"चौथ्या दिवशी पोहरा जड लागला. ती ओढतेय, ओढतेय... काठावर आधी बोटं दिसली... आणि मग..."

आणि मग?

लताबाईला आठवेना.

इतके दिवस खोटं रचून रचून खरं कुठेतरी हरवलं होतं. फणी आठवत होती, चष्मा आठवत होता. बोटांच्या पुढे काही नाही. तिने डोकं धरलं. शेवटी जमेल तसा शेवट जुळवला. विहिरीतून आई वर आली, मुलीला घेऊन गेली.

अंधारातून उत्तर आलं.

"ये नहीं, अक्का."

खरा शेवट नाही, हे तिला कसं कळलं? मला माहीत नाही.

त्यानंतर लताबाईने कितीतरी शेवट सांगून बघितले. दर वेळी तेच. "ये नहीं." मौलवीसाहेबांना विचारलं, त्यांनी दुआ केली. कबरीवर फुलं घातली. काही उपयोग नाही. तो भाग गल्लीत दुसऱ्या कोणी बघितलाच नव्हता.

गेल्या महिन्यात मी दोंडाईच्याला तिच्याकडे राहिलो. रात्री खोकल्याने मला जाग आली. वाटलं, लताबाई. मी उठून तिच्याजवळ गेलो. ती जागी होती. ओठ मिटलेले. तिने बोटाने गप्प राहायची खूण केली.

खोकला खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून येत होता.

मी सकाळच्या गाडीने परत आलो. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणी तो विहिरीचा भाग टीव्हीवर पाहिला असेल. साल १९८८, हिवाळा. काठावर बोटं दिसल्यानंतर काय होतं, तेवढं पत्राने कळवा. जुळवून लिहू नका. खरंच आठवत असेल तरच लिहा.

लताबाई आता साठीच्या पुढे गेली आहे. परवा तिचं पत्र आलं. त्यात एवढंच होतं: भाऊ, मी गेले तर तिला कोण सांगणार?