पडिकात बसवलेली मेंढरं

१९७६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. माधवनगरच्या चौकीत धुळा धनगर धापा टाकत आला, तेव्हा त्याला धड बोलताही येत नव्हतं. बागायतदार लालासाहेबांच्या रानात बसवलेली त्याची निम्मी मेंढरं सकाळी मरून पडली होती.

फौजदार हंबीरराव रानात पोचेपर्यंत लालासाहेबांनी गुन्हेगार धरूनही ठेवला होता. तो शेजारच्या रंगकारखान्यातला कामगार सिद्धू. मेंढरांनी त्याचा शाळू खाल्ला, त्यावरून भांडण झालं, आणि विष टाकताना आपण त्याला डोळ्यांनी पाहिलं, असं ते सांगत होते. बागायतदारानं सांगितल्यावर गावाला दुसरा साक्षीदार लागत नाही.

सिद्धू कोठडीत गेला. तो 'मी केलं' म्हणेना आणि 'नाही केलं'ही म्हणेना.

"कारखान्यातला रंगाचा गाळ कुठं टाकता?" हंबीररावांनी त्याच्या निळ्या नखांकडं बघत विचारलं.

"हौदात."

"कोन टाकतं?"

"मीच."

"मग मान खाली का? जेलात जाशील, गड्या."

"बोललो तर समदी गल्ली उपाशी मरंल," असं म्हणून तो भिंतीकडं वळला.

हंबीररावांना त्याचा राग आला आणि कीवही आली. माणूस दोन्हीकडून कोंडला होता.

कारखान्यात मॅनेजरनं मोठ्या हौसेनं पक्का हौद दाखवला. सरकारी साहेब आले की आपण हाच दाखवतो, म्हणाला. हौदाच्या भिंती कोऱ्या होत्या. सिद्धूची नखं मात्र निळी होती.

फौजदार पुन्हा रानात गेले. रान मुरमाड, कधी नांगर न लागलेलं. शेजारी लालासाहेबांचंच काळं रान रिकामं पडलं होतं. मेंढरं काल एकाच जागी खुरांनी उकरून माती चाटत होती, त्यांना मिठाचा लय नाद, असं धुळा म्हणाला. फौजदारांनी ती जागा खणायला लावली.

संध्याकाळी सगळे चौकीत जमले.

"मेंढरं खतासाठी बसवत्यात, लालासाहेब. तुमी काळं रान सोडून पडिकात बसवली. तुमाला खत नको हुतं, खुरं पायजे हुती. तिथं जुनी विहीर हुती. मॅनेजर गाळात मिसळायच्या चुन्याचा खर्च वाचवायला गाळ तिच्यात वतत हुता, तुमी त्याचे पैसे घेत हुता. विहीर भरल्यावर वर माती लोटली. ती तुडवून निघावी म्हणून मेंढरं आणली. पण त्या विषारी गाळात मीठ हाय, ते तुमी इसरला. आज खणलं तर निळा गाळ निघाला. गाळाची गाडी सिद्धू हाकायचा आणि तो बोलनार न्हाई हे ठावं हुतं, म्हणून त्याच्यावर ढकललं."

लालासाहेबांनी मॅनेजरकडं पाहिलं. मॅनेजर खाली बघत होता.

सिद्धू कोठडीच्या गजाआडून बोलला. "मॅनेजरसाहेब म्हणालं हुतं, ह्ये भाईर फुटलं तर नव्या कायद्यानं कारखाना बंद पडंल."

"कायदा एवढंच म्हणतो, गाळ पक्क्या हौदात घाला, चुना मिसळा, भुईत मुरू देऊ नका. हौद तर बांधलेलाच हुता की रं," हंबीरराव म्हणाले.

सिद्धूला ते समजायला वेळ लागला.

"म्हंजे कुनीच उपाशी मरनार नव्हतं?" त्यानं विचारलं, आणि गज धरून तो रडायला लागला. धुळा उठून त्याच्यापाशी जाऊन बसला.