भैरवकड्याचा सरनोबत

पूर्वेच्या डोंगररांगांवर तांबडं फुटलं, तेव्हा भैरवकड्याच्या बुरुजांवरचं धुकं विरत होतं आणि चार महिने गडाला फास घालून बसलेल्या गनिमाच्या छावणीत नौबत झडत होती. त्याच वेळी किल्लेदार सुभानराव कुटुंबकबिल्यासह चोरदिंडीतून निसटू पाहत होते. सरनोबत पिलाजी दरेकर आडवा उभा राहिला.

“आम्ही कुमक आणायला जातो, पिलाजी. गड झुंजवा.”

“सरकार, तोफेच्या गोळ्यानं टाकं फुटलंय. तीनशे जीव, अन् पाणी दोन दिवसांचं. कुमक यायला पंधरवडा लागेल.”

“म्हणूनच आम्ही गेल्याचं कुणाला कळू देऊ नका.”

“खोटं सांगून माणसं मरायला उभी करणं माझ्यानं व्हायचं नाही.”

सुभानराव त्याला वळसा घालून कडा उतरू लागले.

पिलाजीनं सारी शिबंदी सदरेपुढं गोळा केली आणि खरं ते सांगितलं. मग, गड देणाऱ्याला दरबारी कोणती सजा असते हे पुरतं ठाऊक असूनही, तो निःशस्त्र गनिमाच्या छावणीत गेला.

“गडाच्या बदल्यात काय हवं?” सरदारानं विचारलं.

“बायकापोरं, जखमी, शिबंदी, सगळी सुखरूप जावीत. तसा लेखी कौल द्यावा.”

“आणि तुला? आमच्या चाकरीत ये.”

“माझा खाविंद एकच. त्याला जाब द्यायचाय.”

दुपारी गड रिकामा झाला. सकाळी सदरेपुढं पहिल्याच रांगेत उभ्या असलेल्या खंडोजी नाइकाची दोन लेकरं तहानेनं निपचित पडली होती. पिलाजीनं ती स्वतःच्या खांद्यावर घेऊन गडाखाली नेली.

दरबारात सुभानराव मानाच्या जागी बसले होते. “आम्ही जिवावर उदार होऊन कुमकेस निघालो, अन् यानं मागं दरवाजा उघडला,” ते म्हणाले.

दिवाणांनी खंडोजीला साक्षीला बोलावलं. “किल्लेदार कुमकेस गेले, की गड टाकून पळाले?”

खंडोजीनं एकवार सुभानरावांकडे पाहिलं. “ठाऊक नाही, सरकार. मी तापानं फणफणलो होतो.”

“पिलाजी, तुझं काही म्हणणं?”

पिलाजी खंडोजीकडे वळला. “पोरं बरी आहेत ना रे?”

खंडोजीची मान वर झाली नाही.

तिसऱ्या दिवशी पिलाजीचा कडेलोट झाला. दसऱ्याला सुभानरावांना नवा गड मिळाला, आणि त्या गडाची सरनोबती खंडोजीला.